जोडचाकाची गाडी

रस्त्याच्या कडेला मालाची गाडी उभी दिसली की मी आजही आधी तिच्या मागच्या चाकांकडे बघते. मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असेल तर तो टेंपो. एकाला एक चिकटून दोन-दोन चाकं असतील, म्हणजे जोडचाक असेल, तर तो ट्रक. ही व्याख्या माझ्या वडिलांची, आप्पांची, आणि ती मी बाराखडीच्या आधी शिकले. आता मी जालन्यात मुलाकडे असते. सून म्हणते, आई, भर रस्त्यात वाकून गाड्यांच्या खाली काय बघता, लोक हसतात. हसेनात का. मी बघतेच, आणि जमलं तर पाटेही मोजते. पाटे म्हणजे चाकाच्या वर एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. गाडीचं सगळं ओझं त्यांच्यावर बसतं. हे वेड कुठून आलं ते सुनेला मी कधी सांगितलं नाही. मुलाला अर्धंमुर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं माझ्यावर शेकतं, म्हणून ते इतकी वर्षं राहून गेलं.

आमचं घर पिंपळगाव रेणुकाईत. शेत होतं, ते काका बघायचे. आप्पांचा जीव मातीत कधी रमलाच नाही. लग्नाआधी ते कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या ट्रकवर क्लीनर होते, खाली हैदराबाद आणि वर इंदूरपर्यंत फिरलेले. ड्रायव्हरला डुलकी यायला लागली की स्टेअरिंग ह्यांच्या हातात यायचं, त्यामुळे हात तयार झाला होता. पण मोठ्या गाडीचं लायसन्स त्यांना मिळालं नाही. त्याला शाळेचा दाखला लागतो असं एजंटानं सांगितलं, आणि आप्पा चौथीत मास्तरांची छडी चुकवून जे पळाले ते परत शाळेत गेलेच नव्हते. हलक्या गाडीचं लायसन्स तेवढं होतं. मग त्यांनी आपल्या वाटणीची बैलजोडी विकली आणि एक जुना टेंपो आणला. मागे एकेकच चाक, बुटका हौदा, आणि पुढचा एक दिवा जरा तिरळा. आणला त्या दिवसापासून आप्पा त्याला ट्रक म्हणायला लागले. गाव म्हणालं, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आप्पांना त्याचं काही नव्हतं. मोसंबीचा माल घेऊन जालन्याला जायचं असो की कुणाचं बिऱ्हाड हलवायचं असो, ट्रक पाहिजे म्हणणाऱ्यालाच ते हो म्हणत. दारात येऊन कुणी "टेंपो हाये का?" विचारलं तर घरातल्या कुणीही, म्हणजे बहुतेक मीच, म्हणायचं, "टेंपो न्हाई, ट्रक हाये." ते ऐकून आप्पा आत बसल्या बसल्या मिशीत हसायचे. ते हसू मिळावं म्हणून मी दाराजवळच घुटमळत असायची.

माय म्हणायची, ट्रक म्हनलं म्हून ते डिझेल कमी पीत न्हाई. पण तिचाही संसार त्या गाडीवर पसरलेला होता. गाडी घरापुढच्या लिंबाखाली उभी असायची. उन्हाळ्यात माय तिच्या टपावर ताडपत्री टाकून कुरडया वाळवायची, फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, धुणं टाकायची, आणि पावसाळ्यात शेळ्या तिच्याखाली बसायच्या. आमचा दिवस एका ठरलेल्या आवाजानं सुरू व्हायचा. आप्पा हातात पान्हा घेऊन गाडीभोवती एक वळसा घालत आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका मारत. हवा बरोबर असली तर आवाज भरीव यायचा. तो आवाज आणि मायच्या भाकरी थापण्याचा आवाज एकदम चालायचा, आणि अंथरुणात पडल्या पडल्या मी कुठला कुणाचा ते ओळखायची. जालन्याहून परत येताना आप्पा मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, फुटाण्यांची पुडी आणायचे. हौद्यात राहिलेल्या, डाग पडलेल्या मोसंब्या आमच्या. त्या आम्ही मीठ लावून खायचो. त्यांच्या उपरण्याला डिझेलचा आणि मोसंबीच्या सालीचा असा मिळून एक वास यायचा. तो वास मला नंतर कुठेच सापडला नाही.

आप्पांच्या तोंडावर टेंपो म्हणायची मुभा फक्त एका माणसाला होती. शेजारच्या घरात सुभद्रामावशी राहायची. ती मायच्या माहेरच्या गावची, म्हणून माझी मावशी आणि आप्पांची मेव्हणी. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शेवया करून विकायची. पाय असे की राजूरला चालत जाऊन गणपतीचं दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत परत. आणि जीभ पायांपेक्षा तेज. आप्पा गाडी पुसत असले की ती भिंतीवरून हमखास म्हणायची, "दाजी, टेंपो लई चकाकून राह्यला आज." आप्पा फडकं आपटायचे, पण चिडायचे नाहीत. मेव्हणीच्या थट्टेला दाजीनं चिडायचं नसतं. ती चतुर्थीला राजूरला गेली की आमच्यासाठी प्रसादाचे पेढे आणायची आणि आप्पांच्या हातावर ठेवताना म्हणायची, "हे ट्रकवाल्यांना न्हाईत, टेंपोवाल्यांना हायेत. पाहिजे तर घ्या." आणि आप्पा घ्यायचे.

तरी ते शब्द त्यांना कुठेतरी टोचत असावेत. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत, तिथे वितळवायला देशभरातून भंगार येतं. मोसंबी उतरवून झाली की आप्पा तासन्‌तास त्या भंगारात हिंडायचे. श्रावणात एकदा त्यांना तिथे एका मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचं मागचं आख्खं अंग सापडलं: आस, पाटे आणि जोडचाकं. जुन्या जालन्यात सलीममिस्त्री म्हणून त्यांचे क्लीनरपणापासूनचे दोस्त होते. दोघांनी मिळून आठ दिवस घाम गाळला. ते अंग आमच्या गाडीला बसवलं, वर चार-चार पाटे जास्तीचे घातले, आणि हौद्याच्या फळ्या हातभर उंच केल्या. मिस्त्री म्हणाले, भाई, पीछे का सब हो गया, अब ब्रेक भी बडे डालने पडेंगे. पण मोसंबीचा तोडा तोंडावर आला होता, बागवानांना शब्द देऊन झाला होता. आप्पा म्हणाले, ब्रेकचं दिवाळीनंतर बघू. हे मला माहीत आहे, कारण मी त्या वेळी तिथे बसून मिस्त्रींच्या बायकोनं दिलेला चहा पीत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि आप्पांची ती एकच हौस.

गाडी गावात आली तेव्हा लोक खरंच बघायला आले. आप्पांनी मला चाकाजवळ बसवून सगळ्यांना मोजून दाखवायला लावलं, मागची चाकं चार, पाटे एका बाजूला बारा. खंडेनवमीला गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फोडला. मावशी कुंकू घेऊन आली. आता काय म्हणते म्हणून आप्पा तिच्याकडे बघत राहिले. तिनं गाडीभोवती फेरी मारली, जोडचाकाला हात लावून बघितला, आणि म्हणाली, "टेंपोला लुगडं नवं नेसवलं, दाजी." सगळे हसले. आप्पाही हसले, पण त्या दिवशी त्यांचं हसू थोडं उशिरा आलं, ते मला दिसलं.

त्यानंतरच्या चतुर्थीला ते घडलं. दिवाळी जवळ आली होती, शाळेला सुट्टी, मी आप्पांच्या शेजारी केबिनमध्ये. हौद्यात मोसंबी अशी शिगोशीग भरलेली की उंच केलेल्या फळ्यांच्याही वर आली होती. आमच्याकडे रीत अशी की चतुर्थीला राजूरला पायी निघालेल्या माणसाला गाडीवाल्यानं नाही म्हणायचं नाही. भोकरदन सोडलं तोवर मोसंबीच्या ढिगावर सात-आठ जण बसले होते. पुढे रस्त्याच्या कडेनं मावशी चालत जाताना दिसली. आदल्या संध्याकाळीच निघालेली, पदर खोचलेला, चपला हातात. आप्पांनी वेग कमी केला, पण थांबू की नको असं त्यांचं चाललं होतं. त्यांनी आरशात मागच्या ढिगाकडे बघितलं. तिनं ते ओळखलं आणि चालता चालताच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दाजी. टेंपोत जागा न्हाई."

आप्पांनी गाडी थांबवली. म्हणाले, "ट्रक हाये, सुभद्राबाई. चढा."

मी खिडकीतून हात दिला, वरून बायांनी ओढून घेतलं. राजूरच्या अलीकडे एक उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी ओढ्यावरचा पूल. उतारावर पुढे बैलगाडी आडवी आली. आप्पांनी ब्रेक दाबला. मी त्यांच्या पायाकडे बघितलं, तो पार खालपर्यंत गेलेला. गाडीचा वेग मात्र तेवढाच. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "थांबून न्हाई राह्यली. शोभे, दार घट्ट धर." बैलगाडी वाचवायला त्यांनी गाडी शेतात घातली, आणि ती डाव्या कुशीवर पडली. मला आठवतो तो मोसंब्या घरंगळण्याचा आवाज. तो कितीतरी वेळ थांबत नव्हता. बाकीच्यांना खरचटलं, एकाचा हात मोडला. मावशीचा उजवा पाय फळ्यांखाली सापडला. लोक धावत आले, दहा-बारा जणांनी गाडी उचलून धरली. काही लोक तेवढ्यात पिशव्यांत मोसंब्या भरत होते, हेही मी बघितलं. आप्पांनी मावशीला कुणाच्या तरी जीपमध्ये ठेवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन जालन्याला गेले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

आप्पा तीन दिवस दवाखान्याच्या दारातून हलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाड्यांची तपासणी करणारे साहेब आमच्या घरी कागद बघायला आले. शांत माणूस, चष्मा, शर्टाच्या खिशाला शाई लागलेली. मायनं बाजेवर सतरंजी टाकली, पाणी दिलं. कागद चाळता चाळता ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, एवढ्याशा टेंपोत एवढा माल आणि वर माणसं, कमाल आहे. ते ऐकून माझं डोकं तडकलं. तीन दिवस गावात हेच चाललं होतं, झेपत नव्हतं तर भरलं कशाला. मला वाटलं, सगळी चूक एवढीच तर आहे की गाडी लहान होती असं ह्यांना वाटतंय. गाडी मोठी होती हे एकदा ह्यांना कळलं की आप्पा सुटले. त्या वयात मला हे स्वच्छ, गणितासारखं दिसलं. मी म्हणाले, "टेंपो न्हाई साहेब, ट्रक हाये."

त्यांनी वर बघितलं. कसा काय, म्हणून विचारलं, आणि अगदी मायेनं विचारलं. मग मी सांगत सुटले. मागची चाकं चार. पाटे बारा. फळ्या हातभर उंच केलेल्या. मोठ्या गाडीचा आस, भट्टीच्या भंगारातून आप्पांनी स्वतः निवडून आणलेला. आधी न्यायची त्याच्या दुप्पट माल ती आता सहज नेते. साहेब लिहीत होते, आणि ते लिहितायत ह्याचा मला आनंद होत होता. माय चुलीपाशी उभी होती, तिनं दोनदा मला हाक मारली, पाणी भरून आण म्हणाली. मी गेले नाही. साहेबांनी विचारलं, आणि ब्रेक कोणते बसवले? मी म्हणाले, "ब्रेक जुनेच हायेत. दिवाळीनंतर टाकणार होते."

त्यांचा हात थांबला. चष्मा काढून त्यांनी तो पुसला. मग ते माझ्याशी बोलले ते शब्द मला अजून पाठ आहेत, कारण त्यानंतर मी ते रोज घोकले. म्हणाले, "बाळ, चाकांवरून ट्रक ठरत नाही. माल भरल्यावर गाडीचं वजन किती होतं त्यावरून ठरतो. आणि तेवढं वजन थांबवायला ब्रेक लागतात, तेवढी गाडी चालवायला लायसन्स लागतं. तुझ्या वडिलांकडे दोन्ही नव्हतं." त्यांनी मायला नमस्कार केला, पाण्याचा तांब्या स्वतः उचलून उंबऱ्याशी ठेवला आणि निघून गेले. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आप्पा चौथ्या दिवशी घरी आले. मायनं त्यांना सगळं सांगितलं असावं. मी कोनाड्याजवळ भिंतीला टेकून उभी होते, आता मार बसेल म्हणून. बसावा अशी माझी इच्छाच होती. त्यांनी हातपाय धुतले, पिठल्यात भाकरी चुरली, दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ब्रेकचं बी सांगितलं?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बराबर केलं." मग ताटाकडे बघत म्हणाले, "टेंपो म्हनावं तर वजन जास्त. ट्रक म्हनावं तर लायसन कमी. माह्या गाडीला नावच उरलं न्हाई."

खटला चालला, लायसन्स गेलं. तुरुंग टळला, कारण गाडीवर बसलेल्यांपैकी कुणीच त्यांच्याविरुद्ध बोललं नाही, मावशीसुद्धा नाही. ठाण्याच्या आवारात गाडी वर्षभर ऊन-पाऊस खात उभी राहिली, झेंडूच्या माळा बॉनेटवरच कुजल्या. शेवटी ती भंगारात गेली, त्याच भट्ट्यांकडे. आप्पा जुन्या जालन्यातल्या एका अडत्याकडे हमालीला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये पोती चढवायची आणि आठवड्यानं गावी यायचं. त्यांच्या तोंडून मी पुन्हा तो शब्द ऐकला नाही. ट्रकला ते नुसतं "गाडी" म्हणायला लागले. खरं बोललं म्हणून गावात मला अनेकांनी शहाणी म्हटलं. खरं तर मी त्या दिवशी खरं बोलायला गेलेच नव्हते. मी बढाई मारायला गेले होते, आणि ती नेमकी खरी निघाली.

मावशी कुबडी घेऊन घरी आली. रोज सकाळी माय माझ्या हातून तिला भाकरी-कालवण पाठवायची. मावशी माझ्याशी बोलायची, शेवयांचं, पावसाचं, माझ्या अभ्यासाचं, पण गाडीचं नाव नाही. आप्पा मात्र तिच्या दाराकडे फिरकले नाहीत. दोन घरांमध्ये एक कमरेइतकी भिंत, आणि ती दिसली की ते मान वळवायचे. असं पाच-सहा वर्षं चाललं. भिंतीवरून थट्टा यायची बंद झाली, ह्याचा मला तिच्या पायापेक्षाही जास्त त्रास व्हायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं.

मग मला बघायला अंबडकडचे पाहुणे आले. आप्पा धुतलेलं धोतर नेसून सतरंजीवर बसले होते. मायनं मावशीलाही बोलावलं होतं. ती दाराजवळ, कुबडी भिंतीला टेकवून, एक पाय पसरून बसली होती. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले तेव्हा मुलाचे वडील, जे पुढे माझे सासरे झाले, सहज बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हणाले, तुमचा आधी ट्रक होता म्हणे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी आप्पांकडे बघितलं. ते सतरंजीचा दोरा ओढत होते. म्हणाले, "न्हाई पाव्हणं. टेंपो होता. लहान."

त्या क्षणी माझ्या तोंडात ते वाक्य अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं. लहानपणापासून मी तेच म्हणत आले होते. पण शेवटचं ते म्हटलं तेव्हा काय झालं हे मला ठाऊक होतं, आणि मी बशा मांडत राहिले. दाराकडून कुबडी सरकल्याचा आवाज आला.

"टेंपो न्हाई पाव्हणं," सुभद्रामावशी म्हणाली. "ट्रक होता. मी बसल्ते की त्यात."

आप्पांनी बशी खाली ठेवली आणि उठून बाहेर गेले. मावशीनं त्या दिवशी त्यांना माफ केलं की सुनावलं, हे मला कळलं नाही. ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली, माझ्या बाळंतपणाला शेवया घेऊन आली, पण विचारायचा धीर मला झाला नाही, आणि आता सांगायला तीही नाही, आप्पाही नाहीत. मला एवढंच दिसलं की आप्पा अंगणात लिंबाखाली उभे होते, गाडी जिथे असायची त्या जागेच्या पलीकडे. ती जागा तेव्हा नुसती मोकळी होती. मग ते परत घराकडे यायला निघाले, आणि सरळ न येता त्या मोकळ्या जागेला वळसा घालून आले.